थोडी मोठी पांढरी गाडी

यशवंता,

तुझी पांढरी गाडी सध्या माझ्याकडं आहे. आधी टेबलावर ठेवली होती, पण जेवताना ती समोर नको वाटली. मग कपाटावर ठेवली, तर ती वरून खाली बघतेय असं वाटायला लागलं. आता खिडकीत आहे, तोंड बाहेर करून. तू असतास तर मांडीवर थाप मारून हसला असतास. "काय ग्रॅज्वेट, लाकडाला घाबरलास?" घाबरलो नाही रे. पण तोंड बाहेर केलंय, एवढं खरं.

तुझा जन्म कुठला, नोकरीत कधी लागलास, मागं कोण कोण आहे, हे सगळं कंपनीच्या नोटीस बोर्डावर लावलंय. शेजारी तुझा ओळखपत्रावरचा फोटो आहे, ज्यात तू नुकत्याच पकडलेल्या माणसासारखा दिसतोस. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आणि सुमनवहिनींचं सांगायचंय, कारण तू गेलास आणि तुझ्या या वीतभर लाकडापायी त्यांच्यावर पिंपरी सोडायची पाळी आली होती.

कंपनीतला परदेशी साहेब मायदेशी परतताना आपल्या क्लबाला तो खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक देऊन गेला, तिथून आपलं सुरू झालं. कॅन्टीनच्या वरच्या खोलीत टेबलं जोडून मांडलेला काळा, वळणावळणाचा रस्ता. त्यात दोन खाचा आणि खाचांच्या कडेनं विजेच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसवायची, हातातल्या खटक्याचा घोडा दाबायचा, की गाडी सुटते. जास्त दाबला की वळणावर उडून भिंतीवर. साहेबाच्या प्लॅस्टिकच्या गाड्या अशा भिंतीवर आपटूनच संपल्या. मोटरी आणि चाकं शाबूत राहिली, वरची कवचं गेली. क्लबाचा सेक्रेटरी म्हणाला, बंद करा हा पोरखेळ. तेव्हा पॅटर्न शॉपमधून तू आलास, कानावर पेन्सिल, केसांत भुसा. म्हणालास, "लाकडाची करू की. आमचं रोजचंच आहे."

तुझं रोजचं काम पॅटर्नचं. जो भाग लोखंडात ओतायचा त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. मला हे कॉलेजात शिकवलं होतं आणि पाठ होतं. माझ्या गावातला, निघोज्यातला मी पहिला पदवीधर, तोही इंजिनिअर, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. आजही देत नाही. तू पहिल्याच दिवशी मला 'ग्रॅज्वेट' नाव ठेवलंस. त्यात थट्टा होती. पण बाहेरच्या माणसांपुढं ते नाव घेताना तू अशी छाती काढायचास, जणू माझे पेपर तूच लिहिले होतेस. तेवढ्यासाठी मी ते नाव चालवून घेतलं.

गाडी करायची तुझी एक रीत होती. सागवानाचा तुकडा हातात घ्यायचास, बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायचास आणि थांबायचास. दारावर टकटक करून माणूस थांबतो तसा. आतून कुणी 'आलो' म्हणेल याची वाट बघतोयस, असा तुझा चेहरा व्हायचा. मी म्हणायचो, "यशवंता, आत कोणी नाही." तू म्हणायचास, "गप रे, येतंय." मग पटाशी चालायला लागायची.

आणि दुसरी रीत, जी सगळ्या कॉलनीला माहीत होती. ज्या गाडीत स्वतः बसलो नाही, ती कोरायची नाही. यावरून आपलं किती वाजलं.

"एक शर्यतीची गाडी कर की," मी म्हणायचो. "बुटकी, लांब नाकाची. साहेबाच्या मासिकात फोटो आहे."

"मी बसलोय का तिच्यात?"

"अरे, फोटो बघून कर."

"फोटो बघून लग्न करतात. गाडी नाही."

त्यामुळं आपल्या ट्रॅकवर जगात कुठं झाल्या नसतील अशा शर्यती झाल्या. तू कोकणातून आलास ती एसटी विरुद्ध चाकणचा कांद्याचा ट्रक, ज्यावर आपण दोघं शेवटची बस चुकल्यावर पोत्यांवर बसून भोसरीपर्यंत आलो होतो. पोतीसुद्धा कोरलीस, एक पोतं फाटकं. माझी आई एकदा गावाहून आली तेव्हा तिला हौसेनं ट्रॅक दाखवला. तिनं एसटी आणि ट्रकची झुंज बघितली आणि मला म्हणाली, "येवढा शिकलास, आन ह्येच खेळतुयास व्हय?" तू इतका हसलास की घोडा सोडायला विसरलास आणि एसटी भिंतीवर गेली.

लाकडी गाड्यांचा आवाज वेगळा होता. प्लॅस्टिक खडखडायचं, तुझ्या गाड्या गुणगुणायच्या. भरीव लाकडात मोटरीची घरघर मुरायची आणि बंद ओठांतून कुणी सूर धरावा तशी बाहेर यायची. खिडक्यांना तू काळा रंग द्यायचास, इतका चकचकीत की वाकून बघितलं की आत आपणच बसलेले दिसायचो. आतली बाजू मात्र ओबडधोबड. मोटरीपुरतं पोट पोखरायचास, गोल पटाशीचे ओरखडे तसेच. मी म्हणायचो, आतूनही साफ कर, वजन कमी होईल. तू म्हणायचास, "आतलं कोण बघतंय?" हे तुझे शब्द आहेत, यशवंता. मला पुढं त्यांचा उपयोग झाला.

आपलं खरं भांडण पट्टीचं. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करतात. त्यासाठी तुमची श्रिंकेजची पट्टी असते, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. तू गाड्याही त्याच पट्टीनं करायचास. हाताला तीच सवय. परिणाम असा की तुझी प्रत्येक गाडी अर्ध्या सुतानं, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागानं मोठी व्हायची आणि ट्रॅकवरच्या पुलाखाली अडकायची. मी चिडायचो. "ही कुठं ओतायची आहे? लाकूडच राहणार ना? मग आकसणार कोण?" तू म्हणायचास, "ओतायचंय असं धरून केलं तरच नीट होतं रे. नाहीतर हात खेळण्यासारखा चालतो." शेवटी पुलाचे खांब घासून घासून गेले तेव्हा तू मानलंस आणि साधी पट्टी घेतलीस. त्यानंतरच्या गाड्या पुलाखालून सुळकन जायच्या. त्या वादात मी बरोबर होतो आणि तू ते चारचौघांत कबूल केलंस. असं कबूल करणारी माणसं मला फार भेटली नाहीत.

तू गेलास त्या दिवशी मी निघोज्यात होतो. पहिल्या शिफ्टला पॅटर्न शॉपमध्ये खाली बसलास, कंपनीच्या पांढऱ्या अँब्युलन्समधून नेलं, वाटेत संपलं. मी आलो तेव्हा सगळं लोकांच्या तोंडून ऐकायचं उरलं होतं.

राख सावडून आलो, त्या दिवशी तुझ्या आईनं पलंगाखालून तुझी खोकी ओढली आणि त्यातून ही गाडी निघाली. पांढरी, वर लाल फुली. कंपनीची अँब्युलन्स, अगदी पुढच्या चेपलेल्या बंपरासकट. रंग पुरता वाळला नव्हता, आईंच्या बोटाला लागला. त्या बोटाकडं बघत राहिल्या आणि मग ओरडल्या, "माज्या पोरान आपला मरान कोरलान गो!"

घर माणसांनी भरलेलं होतं. तुझी रीत सगळ्यांना ठाऊक होती. बसल्याशिवाय कोरत नाही. आणि या गाडीत तू एकदाच बसलास, तेही आडवा. मग ती आधी कशी कोरलीस? माणसं एकेक करून चपला शोधायला लागली.

दोन दिवसांनी सकाळी वहिनींनी दार उघडलं तर उंबऱ्याशी एसटी. शेजारच्या इमारतीतल्या ज्या फिटरला तू ती हौसेनं दिली होतीस, त्यानं आणून ठेवली होती. न सांगता. दुसऱ्या दिवशी कांद्याचा ट्रक. मग काळी-पिवळी टॅक्सी, मग जीप. तू वाटलेल्या सगळ्या गाड्या एकेक करून घरी परत आल्या, तोंड दाराकडं करून. कुणी ठेवताना दिसलं नाही. तिसरी गाडी आली तेव्हा मी तिथं होतो. आम्ही आत चहा घेत होतो, बाहेर पावलं वाजली नाहीत, आणि दार उघडलं तर टॅक्सी उभी. काळ्या खिडकीत मला माझा चेहरा दिसला. मी पटकन उभा राहिलो.

आईंनी ठरवून टाकलं. "ही जागा बाधली. बारावा-तेरावा झाला की सुमन, तू चल माज्यासंगती." कंपनीनं वहिनींना स्टोअर्सच्या ऑफिसात नोकरी देऊ केली होती, तुझ्या जागी. त्या मॅट्रिक झालेल्या, तुला ठाऊकच आहे किती हुशार. गावी गेल्या असत्या तर ती नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं आणि तुझ्या भावाच्या घरात एका कोपऱ्यात त्यांचं पुढचं सगळं आयुष्य गेलं असतं. वहिनी मात्र परत आलेल्या गाड्या फडक्यानं पुसून ओळीनं मांडत होत्या.

ती पांढरी गाडी आई पवना नदीत टाकायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, मी नेतो. नेली, पण घरी, आणि तसं आईंना सांगूनही टाकलं. मला खात्री होती की यात गौडबंगाल काही नाही. मी शिकलेला माणूस आहे. कुठंतरी साधं कारण असणार, ते सापडलं की आईंना दाखवायचं, शकुन-बिकुन काही नाही म्हणून सांगायचं आणि वहिनींचं जाणं थांबवायचं.

आधी क्लबात जाऊन ती ट्रॅकवर लावली. निघाली झकास, गुणगुणत. आणि पुलाखाली जाऊन अडकली. मी घोडा सोडला तरी काही क्षण लाकडातला सूर चालूच होता, किंवा मला तसं वाटलं. बाहेर काढून साधी पट्टी लावली. अर्ध्या सुतानं मोठी. तू ती सोडलेली पट्टी पुन्हा हातात घेतली होतीस. ओतायची गोष्ट करतोस तशी केली होतीस.

माझ्या अंगावर काटा आला, यशवंता. खोटं कशाला सांगू. पॅटर्न आधी होतो. खरी वस्तू मागून येते, त्याच आकाराची, थोडी आकसलेली.

मग मी गाडी उलटी केली, मोटर काढली आणि पोटात बघितलं. तिथं ओरखडे नव्हते. आतलं छत तू काचकागदानं नितळ केलं होतंस आणि त्यावर कोरलं होतंस. एक छोटा गोल दिवा, मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. त्याच्या शेजारी बाटली टांगायचा आकडा. आणि एक खळगा, पत्रा आत चेपल्यासारखा. आयुष्यात एकदाच तू गाडीच्या आत काम केलंस, तेही छतावर. आतलं कोण बघतंय? जो खाली उताणा पडलाय तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेटजवळच्या शेडमध्ये गेलो. अँब्युलन्सचा ड्रायव्हर बाबूभाई चाकं धूत होता. त्याला न विचारता मी मागून चढलो आणि स्ट्रेचरवर आडवा झालो. वर दिवा, बाजूला सरकलेला. आकडा. चेपलेला पत्रा. खिडक्यांना आतून पांढरा रंग, म्हणून बाहेरचं काही दिसत नाही, नुसता उजेड. मी तुझ्या जागी पडून तू बघितलेलं बघत होतो आणि ते मी आधीच माझ्या तळहातावर बघितलं होतं. कुणीतरी पायांशी उभं होतं. मान उचलायचं धाडस झालं नाही.

"साहेब," बाबूभाई म्हणाला, "उतरा. जिंदा माणसानं तिथं झोपू नये."

उतरलो, गाडी दाखवली. त्यानं ती उलटी करून आतलं छत बघितलं आणि खाली बसला.

"आता खोटं काय बोलू. गणपतीच्या आधी एकदा नेलं होतं मी त्यांना. छातीत धरलं होतं. अख्खा रस्ता छताकडं बघत होते. मी म्हटलं, यशवंतभाई, डोळे मिटा जरा. तर म्हणाले, बाबूभाई, हा दिवा मधोमध लावायला काय झालं होतं रे तुमच्या माणसाला?"

तो हसला आणि मग त्याला हसवेना.

"दवाखान्यात गोळ्या दिल्या, आराम सांगितला. परत येताना मला कसम घातली. घरी कळता कामा नये. शॉपमध्ये सांगितलं, पित्त झालं."

तर हे साधं कारण. तू आधी बसला होतास, म्हणून कोरलंस. रीत मोडली नव्हतीस. मी शेडबाहेर आलो आणि मला तुझा असा राग आला की तू समोर असतास तर कानाखाली दिली असती. पुलाच्या अर्ध्या सुतावरून माझ्याशी वर्षभर भांडलास आणि एवढी गोष्ट गिळून बसलास?

पण कारण सापडून भलताच पेच पडला. सांगू कुणाला? शकुन खोटा ठरवायचा तर वहिनींना सांगावं लागणार, की नवऱ्याला माहीत होतं आणि त्यानं तुमच्यापासून लपवलं. न सांगावं तर आई त्यांना घेऊन जाणार. यातलं काय त्यांना जास्त लागेल, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. दोन दिवस मी तुझ्या दारावरून नुसता पुढं गेलो. तिसऱ्या दिवशी, सुतक फिटल्यावर आई देवळात गेलेल्या बघून आत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

वहिनी जीपची चाकं पुसत होत्या. पुसत राहिल्या.

"मला ठाऊक होतं, भावजी."

मी बसलो.

"छातीवर गोल गोल वळ उठले होते. दवाखान्यात रबरी गोळे लावून हृदय तपासतात ना, त्याचे. माझ्या वडिलांना बघितले होते मी. आणि जिना. कधी न थांबणारा माणूस, प्रत्येक मजल्यावर कुणाशी तरी गप्पा मारायला लागला."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर खोटं बोलले असते. मग ते खोटं आम्ही दोघांनी सांभाळत बसायचं. त्यापेक्षा मी भाजीतलं मीठ कमी केलं." त्यांनी जीप खाली ठेवली. "आणि ते ओरडले नाहीत. अळणी भाजी मुकाट खाल्ली. तेव्हा मला कळलं, की मला कळलंय हे त्यांना कळलं."

मला तुझा डबा आठवला. श्रावणानंतर तुझ्या डब्यातली भाजी बेचव लागायची आणि मी तुला चिडवलं होतं, वहिनी रुसल्यात वाटतं. तू खाली मान घालून म्हणालास, "नाही रे. चांगली आहे." तुमच्या संसारातलं ते सगळ्यात मोठं बोलणं मी शेजारी बसून, घास मोडत, ऐकलं आणि मला त्यातलं काही कळलं नाही.

मी म्हटलं, "आता आईंना सांगून टाकू. शकुन नव्हता म्हणून."

"नको." इतक्या ठामपणे त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "मुलानं लपवलं आणि सून कळूनही गप्प बसली, हे त्या कुठं ठेवतील? त्यांचा राग गाडीवर आहे. तो गाडीवरच राहू दे. लाकडाला काय होतंय."

"मग तुम्ही जाणार?"

त्या उत्तर देणार तोवर आई आल्या. आल्या आल्या त्यांनी पुन्हा तेच काढलं, बोचकी बांध, परवाच्या गाडीची तिकिटं काढूया. वहिनी उठल्या, त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आई, त्या गाडीनं ह्यांना आधी सांगितलं, खरं ना?"

"व्हय. सांगितलान."

"मला अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं असेल ते ती इथंच सांगेल. मी घर सोडून गेले तर तिनं मला शोधायचं कुठं?"

आईंच्या हातातला पेला तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी, फाउंड्रीचा इंजिनिअर, निघोज्याचा पहिला पदवीधर, जमिनीकडं बघून म्हणालो, "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे."

काल आई एकट्याच गावी गेल्या. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो होतो. बसच्या खिडकीतून माझा हात धरून म्हणाल्या, "लक्ष ठेव तिच्यावर. आन त्या गाडीवर." वहिनी सोमवारपासून स्टोअर्समध्ये जाणार. कॉलनीत अजून कुणी मोकळं बोलत नाही, पण नळावर बायका बाजूला सरतात आणि त्यांना आता आपोआप पहिला नंबर मिळतो. हे त्यांनीच हसून सांगितलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं.

त्यांना विचारूनच हे लिहितोय. म्हणाल्या, लिहा, आईंना वाचता येत नाही आणि आता माझं लपवायचं काही उरलं नाही.

पण माझा हिशेब तुझ्याशी राहिलाच. साधी पट्टी असताना तू ती दुसरी का उचललीस, हे बाबूभाईला माहीत नाही, वहिनींना माहीत नाही. हात थरथरत होता म्हणून जुन्या सवयीवर गेलास? की मागून काय येणार ते जाणून माप धरलंस? पहिलं खरं असणार. मी दिवसा पहिलंच धरून चालतो. माझ्याशी भांडायला, मला चुकीचं ठरवायला, माझ्या पदवीवर माझ्यापेक्षा जास्त छाती काढायला आता कोणी नाही, यशवंता. शेवटच्या महिन्यांत तू एकटा पलंगाच्या कडेला बसून ते छत कोरत होतास, तेव्हा मला हाक मारायची होतीस. मी काही बोललो नसतो. गाडी धरून बसलो असतो.

वहिनींनी गाडी परत मागितली आहे. मी म्हटलं, उद्या आणून देतो, पिशवीत घालून, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.

"पिशवी नको, भावजी," त्या म्हणाल्या. "हातात धरून आणा. दुपारी, शिफ्ट सुटते तेव्हा. सगळ्यांना दिसू दे."